न बुडालेली झाशी

माझी आत्या लग्न होऊन झाशीला गेली त्याला आता पन्नास वर्षं होतील. तिच्या सासरची माणसं पेशवाईत कधीतरी तिकडे गेली आणि तिथलीच झाली. घरात मराठी, दारात आलेल्या भाजीवाल्याशी बुंदेली. गेल्या थंडीत मी तिच्याकडे गेले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून लोणी कढवत होती. जाड बुडाचं पातेलं, खाली ठेंगणी निळी ज्योत, आणि घरभर तो वास.

"आता सिलिंडरची कटकट नाही बघ," ती म्हणाली. "पाइपचा गॅस आलाय. पण येतो कुठून गं हा? इथे तर बोअर मारला तरी धड पाणी लागत नाही."

अंगणातल्या त्या बोअरची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. दिवसभर यंत्र घरघरत होतं आणि भोकातून राखाडी-गुलाबी भुकटी उडत होती. दोरीवरचे कपडे, तुळस, शेजाऱ्यांची स्कूटर, सगळं पिठात लोळवल्यासारखं झालं. खूप खाली गेल्यावर एका भेगेतून थोडं पाणी लागलं. तेही उन्हाळ्यात आटतं.

आत्याने सहज विचारलं होतं, पण त्या एका दमात तिने दोन प्रश्न विचारले होते आणि दोन्हींचं उत्तर एकच आहे. झाशीच्या जमिनीत पाणी का मुरत नाही, हे ज्याला कळलं त्याला समुद्राखालच्या खडकात वायू का मुरून राहतो, हेही कळतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यावर गेलो. बंगरा नावाच्या टेकडीवर ओरछाच्या वीरसिंह देव बुंदेल्याने हा किल्ला १६१३ मध्ये बांधायला घेतला. पुढे १७४२ पासून झाशीचा कारभार पाहणाऱ्या नारोशंकरांनी तो वाढवला, म्हणून त्या वाढीव भागाला शंकरगढ म्हणतात. लोक तटावर फोटो काढत होते आणि मी टेकडीच्या उघड्या खडकाला नाक लावून उभी होते. जवळून पाहिलं तर हा दगड म्हणजे स्फटिकांची दाटीवाटी आहे. गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखं करडं क्वार्ट्झ, मध्येमध्ये काळ्या अभ्रकाचे चकाकणारे ठिपके. एकाचा कोपरा दुसऱ्याच्या खाचेत असा बसलेला की सुईच्या टोकालाही शिरायला वाव नाही. वितळलेला रस जमिनीच्या पोटात, खूप खोल, सावकाश थंड होत गेला आणि प्रत्येक स्फटिक उरलेली जागा बळकावत वाढला. हा बुंदेलखंडी ग्रॅनाइट साधारण २५० कोटी वर्षांचा आहे. त्याच्याबरोबर सापडणारे काही पट्टेदार नाइस खडक तर ३३० कोटींच्याही पलीकडचे. त्या काळी पृथ्वीच्या हवेत श्वास घेण्यापुरता प्राणवायूही नव्हता.

बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब मी त्या दगडावर टाकला. थेंब मोत्यासारखा बसून राहिला, मग घरंगळून गेला.

घरी आल्यावर तोच थेंब आत्याच्या शिळेवर टाकला. शिळ म्हणजे आपला पाटा. तिचा लाल वालुकाश्माचा आहे, विंध्याच्या बाजूच्या दगडाचा. नुकताच टाकीने टाकवून घेतलेला, उन्हात ठेवून कोरडा झालेला. इथे थेंब पसरला, त्याचा काळसर डाग झाला आणि बघता बघता डाग फिका पडत गेला. काही पाणी उडालं असेल, पण काही दगडाने प्यायलं. आत्या म्हणाली, "अगं, म्हणून तर नव्या पाट्यावरची पहिली चटणी कोरडी होते."

तेल आणि वायू जमिनीखाली कसे असतात, हे या डागात दिसतं. आपल्या मनात चित्र असतं ते भुयारातल्या तलावाचं: काळं तेल हिंदकळतंय, वरून नळी घालायची आणि ओढून घ्यायचं. असा तलाव कुठेही नसतो. तेल असतं ते घट्ट, भरीव दिसणाऱ्या दगडात, वाळूच्या कणाकणांमधल्या फटींत, पाट्यात मुरलेल्या पाण्यासारखं. चांगल्या साठ्याच्या खडकात वीसेक टक्के जागा अशा फटींची असते. त्या फटी एकमेकींना जोडलेल्या असाव्या लागतात, नाहीतर तेल आहे पण हलत नाही अशी गत. झाशीच्या ग्रॅनाइटला फटीच नाहीत. म्हणून चंदेलांनी आणि बुंदेल्यांनी या मुलखात तळ्यांमागून तळी बांधली. महोब्याचं मदनसागर, कीरतसागर, झाशीजवळचं बरुआसागर. जमिनीच्या पोटात साठवण नाही म्हटल्यावर ती जमिनीच्या पाठीवर करावी लागली. मला हे त्या राजांचं भूशास्त्र वाटतं, पुस्तकात न लिहिलेलं.

मग पाट्याचा दगड कुठून आला? इथून पुढे खरी नवलाई सुरू होते.

बुंदेलखंडाचा हा ग्रॅनाइटचा तुकडा उभा राहिला, पण त्याच्या दक्षिणेची आणि पूर्वेची जमीन खचत गेली. खचलेल्या भागात समुद्र शिरला. सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेला तो विंध्य समुद्र, मधले खंड धरून, कोट्यवधी वर्षं त्या खोलगट भागात ये-जा करत राहिला. भोवतालच्या उंच जमिनीची झीज होऊन वाळू आणि चिखल त्यात पडत गेला. झाशीचा खडकही त्या काठांपैकी एक. म्हणजे त्या पाट्यातले काही कण कधीकाळी किल्ल्याच्या टेकडीच्या भाऊबंदांचे असू शकतात.

अशा खचत जाणाऱ्या, गाळाने भरत जाणाऱ्या परातीला भूशास्त्रात द्रोणी म्हणतात. विंध्य द्रोणीत काही ठिकाणी गाळाचे थर चार-पाच किलोमीटर जाड आहेत. तर मग समुद्र चार-पाच किलोमीटर खोल होता का? नाही. आणि हे सांगणारा पुरावा पायाखाली असतो. जुन्या वाड्यांच्या, देवळांच्या अंगणात विंध्यातल्या फरश्या टाकलेल्या असतात. त्यांच्यावर कधीकधी लाटांच्या बारीक वळ्या दिसतात, ओहोटीनंतर किनाऱ्यावर राहतात तशाच. अशा वळ्या उथळ पाण्यात उठतात. आणि त्या विंध्याच्या खालच्या थरांत आहेत, मधल्यात आहेत, वरच्यातही आहेत. म्हणजे समुद्र सगळा वेळ उथळच होता. जेवढा गाळ पडत होता, तेवढाच तळ खाली जात होता. भरत राहावं आणि कधी भरूच नये, असा रांजण.

तळ खाली का जातो? कधी भूपट्ट ताणला जाऊन पातळ होतो, मग हळूहळू थंड होत जड होतो आणि बसतो. वर गाळाचं ओझं वाढलं की ते ओझंही त्याला दाबतं. वेग किती, तर वर्षाला एका कागदाच्या जाडीएवढा धरू, मिलिमीटरचा दहावा भाग. एका आयुष्यात करंगळीच्या पेराएवढंही नाही. पण तीन कोटी वर्षं रोज शांतपणे तेच झालं तर तीन किलोमीटर. मला पर्वत उभे राहण्यापेक्षा हे जमिनीचं बुडणं जास्त थक्क करतं. पर्वत दिसतो, त्याला आपण नमस्कार करतो. बुडणारी जमीन मात्र स्वतःला स्वतःच झाकून घेते.

आता या परातीत जीव पडतो.

समुद्राच्या वरच्या, उन्हाच्या थरात डोळ्यांना न दिसणारे जीव अपार संख्येने असतात. शेवाळं, प्लवक, जिवाणू. ऊन खाऊन ते जगतात आणि मेले की खाली पडतात. यातला बहुतेक माल कुणीतरी खातं किंवा तो कुजून जातो. शंभरातला एक भागही गाळात टिकत नाही. टिकतो तो फक्त तिथे, जिथे तळच्या पाण्यात प्राणवायू संपलेला असतो. कोकणातल्या खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतलेल्या माणसाला हे सांगायला नको. वरचा बोटभर चिखल तपकिरी, त्याखाली एकदम काळाकुट्ट, आणि पाय उपसला की सडक्या अंड्यांचा वास. त्या काळ्या थरात प्राणवायू नाही, म्हणून कुजणं अर्धवट राहिलेलं असतं. तेल आणि वायूची पहिली पायरी ती. एक अपुरं राहिलेलं मरण.

चिखलावर चिखल चढतो. दाबाने पाणी निघून जातं, चिखलाचा शेल खडक होतो आणि त्यातल्या सेंद्रिय अवशेषांचा एक घट्ट, मेणचट पदार्थ बनतो, केरोजेन. ग्रीकमध्ये केरोस म्हणजे मेण. तो दगडात कणाकणाने विखुरलेला असतो. दगड हातात घेतला तर फक्त काळा दिसतो.

इथे मला आत्याचं पातेलं आठवतं. लोणी थंड असेपर्यंत गोळा. मंद आच लागली की वितळतं, पाणी तडतडत निघून जातं, मग स्वच्छ तूप सुटतं आणि तळाशी बेरी उरते. आच मोठी केली आणि लक्ष नसलं, तर बेरी करपते, तूप काळवंडतं, घरभर धूर होतो. केरोजेनचं अगदी असंच आहे. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढतं. अंदाजे ६० अंश सेल्सिअसपर्यंत केरोजेन ढिम्म राहतं. ६० ते १२० अंशांच्या आसपास त्यातून तेल सुटतं. त्याहून जास्त तापलं की तेलाच्या लांब साखळ्या तुटतात आणि वायू होतो. फारच तापलं तर मागे नुसता कोळपलेला कार्बन. म्हणजे दोन ते चार किलोमीटर खोलीची एक पट्टी आहे, तीच निसर्गाची चूल. तिच्या वर कच्चं, तिच्या खाली करपलेलं. आणि फरक फक्त आचेचा नाही, मालाचाही आहे. समुद्री शेवाळापासून तेल जास्त मिळतं. झाडापाल्यापासून, लाकडापासून वायू जास्त आणि कोळसा. आत्याचं तूप अर्ध्या तासात होतं. या चुलीवर लाखो, कधी कोट्यवधी वर्षं लागतात, आणि तेवढा वेळ द्रोणी बुडत राहिली पाहिजे, पण फार बुडता कामा नये.

हे सगळं कशावरून, असं कुणी विचारलं तर मी आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं नाव सांगेन. १९३०च्या दशकात त्याने खनिज तेलात पॉर्फिरिन नावाचे रेणू शोधून काढले. पानांतल्या हरितद्रव्याच्या रेणूमध्ये एक कडं असतं आणि कड्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू. तेलातही तसंच कडं होतं. फक्त मधला मॅग्नेशियम गेला होता आणि त्या जागी व्हॅनेडियमसारखा धातू येऊन बसला होता. कोट्यवधी वर्षं दगडाखाली शिजूनही हिरव्या रंगाचा सांगाडा शाबूत! आपल्या रक्ताच्या लाल रंगामागेही असंच कडं आहे, त्याच्या मध्ये लोह. पान, रक्त आणि डांबरट तेल यांना जोडणारा एवढासा दागिना. ट्राइब्सने तो दाखवल्यानंतर तेल जीवांपासून बनतं, हे म्हणणं भक्कम झालं.

तेल तयार झालं म्हणजे साठा झाला, असं मात्र नाही. ते जिथे बनतं तो शेल इतका बारीक कणांचा असतो की त्यातून विहिरीत सहज काही येत नाही. पण तेल बनताना दाब वाढतो, खडकाला सूक्ष्म भेगा पडतात आणि तेल-वायूचे थेंब बाहेर ढकलले जातात. बाहेर वालुकाश्म किंवा चुनखडी असेल तर त्याच्या फटी आधीच समुद्राच्या खाऱ्या पाण्याने भरलेल्या असतात. त्या पाण्यातून तेल वर निघतं, कारण ते हलकं आहे. कटाच्या आमटीवर तवंग येतो ना, तसं. फरक एवढाच की आमटीऐवजी दगड आहे आणि भांड्याची रुंदी कित्येक किलोमीटर. उतरत्या थरातून वरच्या दिशेने हे थेंब हजारो, कधी लाखो वर्षं चालत राहतात.

आणि बहुतेक थेंब चालत चालत वर पोचतात, समुद्राच्या तळातून झिरपतात, जिवाणू त्यांना खाऊन टाकतात. पृथ्वीने बनवलेल्या तेलातलं बरंचसं असं निसटून गेलेलं आहे. आपण जे काढतो ते वाटेत अडकलेलं. अडकायला दोन गोष्टी लागतात. वर एक झाकण हवं, ओल्या बारीक चिखलाच्या खडकाचं किंवा मिठाच्या थराचं. त्याच्या फटी इतक्या चिमुकल्या की त्यांतलं पाणी बाजूला सारून तेलाच्या थेंबाला आत शिरता येत नाही. आणि त्या झाकणाला आकार हवा पालथ्या वाटीचा. बादलीतल्या पाण्यात वाटी पालथी दाबली की हवा आत राहते, तसा वायू घुमटाच्या माथ्याशी राहतो, त्याखाली तेल, त्याखाली पाणी. वाटी आधी पालथी पडलेली असली पाहिजे. तेल निघून गेल्यावर घुमट झाला तर तो रिकामाच सापडतो, आणि असे रिकामे घुमट जगभर भरपूर आहेत.

अशी एक प्रचंड पालथी वाटी मराठी माणसाला नावाने माहीत आहे, मुंबई हाय. या नावातलं 'हाय' म्हणजे उंचवटा, समुद्रतळाच्याही खाली, गाळात पुरलेला. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, सत्तर-ऐंशी मीटर पाण्याखाली, साधारण पासष्ट किलोमीटर लांबीचा हा घुमट आहे. १९६०च्या दशकात अकादमिक अर्खांगेल्स्की या सोव्हिएत जहाजावरून खंबातच्या आखाताकडचा समुद्र तपासताना भूकंपलहरींच्या नोंदींत तो पहिल्यांदा दिसला. पाण्यात छोटा धक्का द्यायचा आणि थराथरावरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा, अशी ती तपासणी. फेब्रुवारी १९७४ मध्ये, जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट'ने समुद्रात पाय रोवून तिथे भोक पाडलं आणि तेल लागलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं.

त्या घुमटाची कुळकथा सह्याद्रीएवढीच जुनी आहे. दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमारास, साडेसहा कोटी वर्षांमागे, सेशेल्सचा तुकडा भारतापासून फाटून निघाला. फाटताना पश्चिम किनारा ताणला गेला, काही पट्टे खचले, काही उंच राहिले. खचलेल्या पट्ट्यांत दलदलीचा, सेंद्रिय चिखल साठला. तोच पुढे शिजला. उंच राहिलेल्या भागावर कोवळ्या उन्हातला उथळ समुद्र आला आणि सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी शंख-शिंपल्यांची, सूक्ष्म कवचधारी जीवांची चुनखडी तयार झाली. पुढे त्यावर बारीक चिखलाचं झाकण पडलं. बाजूच्या खोलगटात बनलेलं तेल उतार चढत चढत या उंचवट्याच्या चुनखडीत येऊन मुरलं. समुद्राखालच्या या थरांना भूशास्त्रज्ञांनी नावं दिलीत ती वसई, अलिबाग, पनवेल, रत्नागिरी, वांद्रे, चिंचणी. लोकलच्या आणि एसटीच्या पाट्या वाचाव्यात तसा तो आराखडा वाचता येतो. कुणी एखाद्या दुपारी कागदावर ही नावं लिहिली असतील, त्या माणसाला मला भेटायला आवडलं असतं.

या यादीतली वसई आत्याच्या ओट्याशी थेट जोडलेली आहे. मुंबई हायनंतर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, तिच्या आग्नेयेला वसईच्या नावाचं वायुक्षेत्र सापडलं. तिथला वायू चार कोटी वर्षांच्या आगेमागे बनलेल्या चुनखडीत आहे. त्यात मिसळलेला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तोच खाडीच्या काळ्या चिखलाचा सडका वास, सुरतजवळ हाजिराला काढून टाकतात. तिथून १९८०च्या दशकात हाजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही वायुवाहिनी टाकली गेली. गुजरातेतून माळव्यात, गुना जिल्ह्यातल्या विजयपूरला, पुढे बुंदेलखंडाच्या कडेकडेने उत्तर प्रदेशात. आज त्या जाळ्यात परदेशातून जहाजाने आलेला वायूही मिसळतो, त्यामुळे आत्याच्या ज्योतीतला नेमका कोणता रेणू कुठला, हे सांगता येणार नाही. पण त्या वाहिनीचा जन्मच वसईच्या समुद्रातल्या वायूसाठी झाला.

वसई आणि झाशी यांची गाठ याआधीही एकदा पडली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या पोर्तुगीज चर्चची एक घंटा नाशिकला आली आणि गोदावरीच्या काठी रामेश्वराच्या देवळात टांगली गेली. ते देऊळ बांधणारे नारोशंकर, झाशीचा किल्ला वाढवणारे तेच. नाशिककर अजून 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. आत्याला हे सांगितलं तर ती पातेलं उतरवता उतरवता थांबली. "म्हणजे तेव्हापासून वसईचं सामान इकडे येतंय म्हण की," ती म्हणाली. घंटा झाशीला आलीच नव्हती, पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

इतका वेळ मी ग्रॅनाइटला निपुत्रिक ठरवून बसले आहे, त्यात एक दुरुस्ती मात्र करायलाच हवी. मुंबई हायच्या घुमटाच्या अगदी तळाशी, सगळ्या गाळाखाली, जुना ग्रॅनाइटी नाइस आणि दख्खनच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट आहे. त्यांच्या भेगांतूनही तेल निघालं आहे. बडोद्याजवळ पाद्र्याला दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तेल मिळतं. व्हिएतनामच्या समुद्रातल्या बाक हो क्षेत्रात तर मोठा साठा भेगाळलेल्या ग्रॅनाइटमध्येच आहे. तेल तिथे जन्मलेलं नाही. शेजारच्या गाळात जन्मून ते भेगेत शिरलं. आत्याच्या बोअरला जसं एका भेगेत पाणी लागलं, तसंच. दगड आपला स्वभाव बदलत नाही, पण तुटला तर त्यालाही ओलावा धरता येतो. झाशीच्या दगडाला भेगा आहेत. त्यांतल्या काही लांबच लांब भेगांत क्वार्ट्झ भरून आज पांढऱ्या टेकड्यांच्या रांगा उभ्या आहेत, आगगाडीतूनही दिसतात. फक्त त्या भेगांच्या शेजारी तूप सुटणारी चूल कधी लागली नाही. महाराष्ट्राच्या जमिनीवर तेल का नाही, याचंही उत्तर थोडंफार असंच. आपण लाव्ह्याच्या जाड थरांवर राहतो. गाळ आणि चूल होती ती समुद्राकडे.

पण झाशीपासून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरवर, दमोह जिल्ह्यातल्या हटा इथे, चूल पेटलेली होती. विंध्य द्रोणीच्या सोन खोऱ्याकडच्या या भागात ओएनजीसीच्या विहिरींत नैसर्गिक वायू लागला. जगातलं बहुतेक तेल-वायू ज्या खडकांतून येतं, ते यामानाने काल-परवाचे. विंध्याचे थर इतके जुने की तेव्हा मासा नव्हता, पान नव्हतं, कवच नव्हतं, हाड नव्हतं. होती ती सूक्ष्मजीवांची चिकट गालिच्यांसारखी पसरलेली वस्ती आणि शेवाळं. त्यांच्या थरांचे दगड चित्रकूटच्या परिसरात उघडे दिसतात, आडव्या कापलेल्या कोबीसारखे. तिथल्याच सुमारे १६० कोटी वर्षांच्या खडकांत लाल शेवाळासारख्या जीवांचे अवशेष सापडले. ते २०१७ मध्ये जगापुढे मांडले गेले, आणि त्यातल्या एकाचं नाव आहे रफातअझ्मिया चित्रकूटेन्सिस. एका भारतीय भूशास्त्रज्ञाचं नाव आणि रामाच्या वनवासातलं गाव, दोन्ही एका शेवाळाच्या नावात. अशा कुळातल्या जीवांच्या अपुऱ्या मरणातून बनलेला वायू अब्जभर वर्षं दगडाच्या झाकणाखाली टिकून राहिला असेल, तर त्या झाकणाला मी दोन्ही हात जोडते. अब्ज वर्षांत भूखंड कुठल्या कुठे गेले, हिमालय उठला, दख्खन जळली, आणि या एवढ्याशा फटींतून तो निसटला नाही.

परतायच्या आदल्या दिवशी आम्ही ओरछाला गेलो. राजांच्या छत्र्यांसमोर बेतवा ग्रॅनाइटच्या दगडांमधून वाट काढत वाहते. काठाला बसून मी ओंजळभर वाळू घेतली. भिंगातून पाहावी इतकी सुंदर. करडे, काचेसारखे क्वार्ट्झचे कण, गुलाबी फेल्डस्पारचे अजून कोपरे न झिजलेले तुकडे, आणि अभ्रकाची एखादी सोनेरी चकती, जी बोटाला चिकटली की निघत नाही. किल्ल्याच्या टेकडीचाच दगड, सुटा झालेला.

आत्या पायरीवर पदर सावरून बसली होती. "ही वाळू कुठे जाईल गं?" तिने विचारलं.

पारीछाच्या बंधाऱ्यात अडकली नाही, कुणी ट्रकमध्ये भरून नेली नाही, तर पुढच्या पुरात सरकेल. हमीरपूरजवळ यमुनेत, प्रयागला गंगेत, आणि तिथून बंगालच्या उपसागराकडे. तिथे आज या क्षणी एक परात बुडते आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा तिच्यात इतका गाळ टाकतात की काही ठिकाणी त्याची जाडी पंधरा किलोमीटरच्या वर गेली आहे. त्याच द्रोणीच्या जमिनीवरच्या भागात, पश्चिम बंगालमधल्या अशोकनगरला, २०२० मध्ये तेल निघालं. अडीचशे कोटी वर्षं न बुडालेली झाशी कणाकणाने तिकडे निघाली आहे.

आत्याने हात पुढे केला. मी अर्धी वाळू तिच्या ओंजळीत ओतली. तिने ती उन्हात धरून थोडा वेळ पाहिली आणि मग पाण्यात सोडून दिली.